ध्वनिक्षेपकाची परीक्षा

एखाद्या वस्तूची प्रत मोजून ठरवावी कीं अनुभवून ठरवावी, हा वाद फार जुना आहे. जव्हेऱ्याची नजर आणि तराजूचा कांटा, वैद्याची नाडीपरीक्षा आणि इस्पितळांतील उष्णतामापक, यांचीं भांडणें आपल्या परिचयाचीं आहेत. परंतु या वादाचा इतिहास एका साध्या घरगुती उपकरणाच्या बाबतींत जितका सविस्तर आणि जितका गमतीचा झाला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कशाच्या बाबतींत झाला असेल. तें उपकरण म्हणजे ध्वनिक्षेपक. ज्याला आपण सर्रास लाउडस्पीकर म्हणतों तो. विजेवर चालणारा ध्वनिक्षेपक लोकांपुढें येऊन शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. तरीहि चांगला ध्वनिक्षेपक कोणता, आणि तो चांगला आहे हें कोणतें माप सांगतें, या प्रश्नाचें विश्वसनीय उत्तर मिळण्यास १९८५ साल उजाडावें लागलें. इतका उशीर कां लागला, तें पाहण्यासारखें आहे.

आरंभ एडिसनच्या एका जाहिरातीपासून केला पाहिजे. १९१५ पासून १९२५ पर्यंत एडिसनच्या कंपनीनें अमेरिकेंत गांवोगांवीं एक प्रयोग चालविला होता. रंगमंचावर गायिका उभी राही आणि शेजारीं तिच्याच आवाजाची तबकडी लावलेलें यंत्र असे. गायिका गाऊं लागे; मध्येंच तिचे ओठ मिटत, पण गाणें पुढें चालूच राही. कधीं दिवे मालवीत, आणि ते पुन्हां लागले म्हणजे रंगमंचावर यंत्राखेरीज कोणीच नाहीं असें पाहून प्रेक्षक थक्क होत. १९१६ सालीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें मारी रापोल्ड या गायिकेनें हा प्रयोग केला, तेव्हां सभागृह भरलेलें होतें. असे प्रयोग हजारोंनीं झाले, आणि मूळ गळा कोणता व यंत्र कोणतें हें ओळखतां येत नाहीं असा निर्वाळा सामान्य श्रोत्यांनीं वारंवार दिला.

आज त्या तबकड्या ऐकल्या म्हणजे हंसूं येतें. त्या काळीं ध्वनिमुद्रण विजेवांचून, केवळ कर्ण्याच्या जोरावर होत असे. खर्जाचा खालचा भाग आणि अगदीं वरचे स्वरांश त्यांत मुळीं उतरतच नसत. मग हजारों श्रोते फसले कसे? याचें अर्धें उत्तर आना केस या गायिकेनें पुढें वृद्धपणीं देऊन टाकलें. ती म्हणाली कीं, आपण त्या वेळीं आपला आवाज मुद्दामच यंत्राच्या आवाजासारखा करून गात होतों. म्हणजे यंत्र गायिकेची नक्कल करीत नव्हतें, तर गायिकाच यंत्राची नक्कल करीत होती! उरलेलें अर्धें उत्तर श्रोत्यांच्या मनांत होतें. आपण एक चमत्कार पाहावयास आलों आहों हें त्यांना ठाऊक होतें. या सगळ्या खटाटोपाचा कर्ता स्वतः जवळजवळ बहिरा होता, आणि यंत्राच्या लाकडी पेटीला दांत लावून तबकड्या पारखीत असे, ही गोष्ट कोणा नाटककारानें रचली असती तर आपण तिला अतिशयोक्ति म्हटलें असतें.

याच सुमारास विजेवर चालणारा कर्णा अवतरला. १९१५ च्या नाताळांत पीटर जेन्सन आणि एड्विन प्रिधम यांनीं सॅन फ्रान्सिस्कोंत मोठ्या जनसमुदायास तो ऐकविला. १९१९ सालीं सॅन डिएगो येथें प्रेसिडेंट विल्सन यांचें भाषण सुमारें पन्नास हजार लोकांनीं त्याच्यामार्फत ऐकलें. ऐकूं आलें, हेंच तेव्हां पुरेसें होतें. आवाज गोड कीं कर्कश हा प्रश्न कोणी विचारला नाहीं. आपल्याकडे त्या दिवसांत बालगंधर्व कोणत्याहि यंत्रावांचून शेवटच्या रांगेपर्यंत पदें पोहोंचवीत होते, हें सहज आठवलें म्हणून नमूद करतों.

खरी क्रांति १९२५ सालीं झाली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन इंजिनियरांनीं त्या वर्षीं कर्ण्याशिवाय वाजणाऱ्या ध्वनिक्षेपकावर एक निबंध प्रसिद्ध केला. आज घरांत, मोटारींत आणि सभामंडपांत जे ध्वनिक्षेपक वाजतात, त्यांपैकीं बहुतेकांची वंशावळ या निबंधापाशीं येऊन पोहोंचते. चुंबकाच्या फटींत एक हलकें वेटोळें, त्याला जोडलेला कागदी शंकु, आणि वेटोळ्यांतून आवाजाप्रमाणें बदलत जाणारा विजेचा प्रवाह, एवढीच ती रचना. हलत्या वेटोळ्याची कल्पना त्यांची नव्हे. सीमेन्सनें १८७४ सालीं आणि ऑलिव्हर लॉजनें १८९८ सालीं तिचीं पेटंटें घेतलीं होतीं. राइस व केलॉग यांचें श्रेय निराळें आहे. प्रत्येक हलणाऱ्या वस्तूची एक स्वाभाविक कंपनसंख्या असते. झोपाळ्याला योग्य क्षणीं धक्के दिले म्हणजे तो जसा उंच जातो, तशी ती वस्तु त्या एका संख्येवर बेसुमार हलते. यालाच अनुनाद म्हणतात. तोंवरचे कारागीर हा अनुनाद गाण्याच्या स्वरांच्या मध्येंच येऊं देत, कारण त्यामुळें थोड्या शक्तींत यंत्र मोठ्यानें वाजे. राइस व केलॉग यांनीं तो मुद्दाम खालीं, खर्जाच्या तळाशीं लोटला. तसें केलें म्हणजे स्वर चढेल तसा शंकूचा वेग कमी होत जातो. उलट लहानशा शंकूची हवा हलविण्याची शक्ति स्वर चढेल तशी वाढत जाते. आणि या दोन गोष्टी एकमेकींस जवळजवळ बरोबर तोलून धरतात. परिणामीं खालचा स्वर आणि वरचा स्वर सारख्याच जोरानें बाहेर पडतात. "मोठ्यानें" हें ध्येय सोडून "सारखें" हें ध्येय धरणें, ही त्या निबंधांतील खरी नवी गोष्ट होती.

पण सारखें आहे हें ओळखावयाचें कसें? येथें मोजमापाचा प्रश्न उभा राहिला. ध्वनि मोजण्याचें साधन लॉर्ड रॅले यांनीं १८८२ सालींच काढलें होतें. दोऱ्यास टांगलेली एक चिमुकली चकती हवेच्या आंदोलनानें किंचित् वळते, आणि तें वळणें तिच्यावरून परावर्तन पावणाऱ्या प्रकाशकिरणानें मोजावयाचें. साधन सुंदर, पण वाऱ्याच्या झुळकेनेंहि बिघडणारें. १९१७ सालीं एडवर्ड वेंट यांनीं कंडेन्सर मायक्रोफोन प्रसिद्ध केला, तो गाणें पकडण्यासाठीं नव्हे, तर ध्वनीची तीव्रता मोजण्यासाठीं. मापाचें उपकरण म्हणून जन्मलेला हा मायक्रोफोन पुढें गवयांसमोर जाऊन बसला आणि विजेच्या ध्वनिमुद्रणाचें युग सुरू झालें. आतां प्रत्येक स्वर किती जोरानें बाहेर पडतो तें मोजून कागदावर रेघ ओढतां येऊं लागली. या रेघेस आपण प्रतिसादरेषा म्हणूं. ती सपाट असेल तर यंत्र चांगलें, डोंगरदऱ्या असतील तर वाईट, असा सरळ न्याय शास्त्रज्ञांनीं लावला. पुढें कळून आलें कीं न्याय बरोबर होता, पण साक्षीदार अपुरा होता.

पहिली अडचण कानाची. १९३३ सालीं बेल प्रयोगशाळेंतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनीं मनुष्याच्या कानाचा नकाशा प्रसिद्ध केला. सेकंदाला तीन-चार हजार कंपनांच्या आसपास आपला कान अतिशय तीक्ष्ण असतो; खर्जाच्या बाबतींत, विशेषतः आवाज हलका असतांना, तो बराच मंद असतो. रात्रीं घरांतील मंडळी निजल्यावर आपण आवाज कमी करतों तेव्हां तबल्यांतला डग्गा प्रथम नाहींसा होतो, त्याचें कारण हेंच. यांतून एक महत्त्वाचा नियम निघतो : दोन यंत्रांची तुलना करतांना त्यांचा आवाज अगदीं सारखा ठेवला पाहिजे. नाहींतर जें किंचित् मोठ्यानें वाजतें तेंच अधिक भरदार वाटतें. दुकानदारांना हा नियम फ्लेचरच्याहि आधीं ठाऊक असावा.

दुसरी अडचण खोलीची. मायक्रोफोनला यंत्राचा आवाज तेवढा ऐकूं येत नाहीं. भिंतींवरून, छतावरून, जमिनीवरून परत येणारे आवाजहि येतात. म्हणून हौशी संशोधक ध्वनिक्षेपक गच्चीवर किंवा उघड्या मैदानांत नेऊन मोजीत. या कटकटीतून सुटका युद्धकाळांत झाली. १९४३ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत लिओ बेरानेक यांनीं एक खोली बांधविली. तिच्या सहाहि बाजूंना कांचतंतूंच्या लांब पाचरी बसविलेल्या होत्या, आणि त्या ध्वनि जवळजवळ संपूर्ण गिळून टाकीत. अशा खोलीला "अनेकोइक", म्हणजे प्रतिध्वनिशून्य, हें नांव बेरानेक यांनींच दिलें. जॉन केज हा संगीतकार १९५१ च्या सुमारास हार्वर्डच्या तसल्या खोलींत शिरला, तेव्हां त्याला तेथेंहि दोन आवाज ऐकूं आले, एक बारीक आणि एक जाड; ते त्याच्या स्वतःच्याच देहाचे आहेत असें त्याला सांगण्यांत आलें. संपूर्ण शांतता म्हणून कांहीं नसतेच, हा त्यानें काढलेला निष्कर्ष संगीताच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. इंजिनियरांना तेथें एकान्तांत यंत्राची मुलाखत घेण्याची सोय मिळाली.

एवढें झाल्यावर प्रश्न सुटावयास हवा होता. तो सुटला नाहीं. १९५० पासून पुढचीं तीस वर्षें पाहिलीं तर मापांचा नुसता सुकाळ दिसतो. कारखानदार पत्रकावर "२० ते २०,००० हर्ट्झ" असें छापीत. त्या मर्यादेंत रेघ किती खालींवर होते तें मात्र सांगत नसत. एखाद्या विद्यार्थ्यानें मी बालवर्गापासून एम्. ए. पर्यंत सर्व परीक्षांना बसलों एवढेंच सांगावें आणि गुणपत्रिका खिशांत ठेवावी, तशांतला हा प्रकार. अॅम्प्लिफायरच्या वॅटांची चढाओढ तर इतकी विकोपास गेली कीं १९७४ सालीं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला शक्ति कशी मोजावी याचा नियम करावा लागला. आपल्याकडेहि १९९० नंतरच्या दशकांत बाजारांतील पेट्यांवर पी. एम्. पी. ओ. या चार अक्षरांपुढें हजारों वॅटांचे आंकडे झळकत. ज्या यंत्राला भिंतींतून इस्त्रीइतकीहि वीज मिळत नव्हती, तें हजारों वॅट बाहेर कोठून टाकणार, हा प्रश्न शाळेंत पदार्थविज्ञान शिकलेल्या आपण सर्वांनीं विचारावयास हवा होता. मीहि तो तेव्हां विचारला नाहीं.

विकृतीच्या मापाची कथा याहून सूक्ष्म आहे. यंत्र मूळ स्वरांत स्वतःच्या पदरचे जे वरचे स्वरांश मिसळतें त्यांचें प्रमाण शेंकड्यांत मोजतात. १९७० च्या दशकांत अॅम्प्लिफायरची विकृति शेंकडा एक दशांशावरून एक शतांश, पुढें एक सहस्रांश अशी उतरत गेली, आणि प्रत्येक शून्याबरोबर किंमत चढत गेली. परंतु मोठा स्वर आपल्या शेजारच्या लहान स्वरांना झांकून टाकतो. सूर्य असतांना काजवा दिसत नाहीं तसें. शिवाय त्याच अॅम्प्लिफायरला जोडलेला ध्वनिक्षेपक खर्जांत शेंकडा एक-दोन विकृति सहज करीत असतो. म्हणजे गाळणें इतकें बारीक केलें कीं त्यांतून गंगाजल पडावें, आणि मग तें पाणी धुळीच्या हंड्यांत भरावें! विकृति महत्त्वाची नाहीं असें नव्हे. आवाज फार चढविला म्हणजे ती कानाला बोंचतेच. परंतु घरांतल्या सामान्य आवाजांत दोन बऱ्यापैकीं यंत्रांमधला फरक तिच्यामुळें क्वचितच ठरतो.

याच काळांतील एक काम मात्र सोन्यासारखें आहे. ऑस्ट्रेलियांतील नेव्हिल थील यांनीं १९६१ सालीं, आणि त्यांच्या मागोमाग सिडनी विद्यापीठांत रिचर्ड स्मॉल यांनीं, शंकु आणि पेटी यांचें गणित बांधून दिलें. शंकूची स्वाभाविक कंपनसंख्या, त्याचें दमन आणि त्याची लवचिकता हीं तीन मापें ठाऊक असलीं कीं कोणत्या आकाराच्या पेटींत कोणता खर्ज मिळेल तें कागदावरच सांगतां येतें. थील यांचा निबंध दहा वर्षें जवळजवळ अज्ञातवासांत होता. १९७१ सालीं अमेरिकन नियतकालिकानें तो पुन्हां छापला तेव्हां त्याचें चीज झालें. सुताराच्या अंदाजावर चालणारा पेट्यांचा धंदा तेव्हांपासून शास्त्र झाला.

आतां मूळ कथेकडे वळतों. फ्लॉइड टूल हे लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत डॉक्टरेट मिळवून १९६५ सालीं कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्यें, ऑटावा येथें, रुजू झाले. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं कांहीं नामांकित ध्वनिक्षेपक पडद्यामागें ठेवून मित्रांना ऐकविले. पडद्याची ही कल्पना साधी आहे, इतकी साधी कीं ती आधींच सर्वत्र रूढ असावयास हवी होती. प्रत्येक यंत्राचा आवाज सारखा केलेला, एकामागून एक तोच संगीताचा तुकडा, आणि श्रोत्याच्या हातांत गुण लिहिण्याचा कागद. टूल यांना अपेक्षा होती कीं आवडी भिन्न असल्यामुळें गुणांचा गोंधळ उडेल. नेमकें उलट झालें. श्रोत्यांचें बरेंचसें एकमत दिसूं लागलें. आणि जीं यंत्रें लोकांना आवडलीं त्यांच्या प्रतिसादरेषाहि इतरांच्या मानानें नितळ निघाल्या.

एखाद्यानें येथेंच विजयाची घोषणा केली असती. टूल यांनीं तसें न करतां पुढचीं जवळजवळ वीस वर्षें हेंच काम केलें, आणि १९८५ व १९८६ सालीं त्याचे निष्कर्ष विस्तृत निबंधांतून प्रसिद्ध केले. त्यांतील तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली, परीक्षकांची परीक्षा. एकच यंत्र एकाच श्रोत्याला पुन्हां पुन्हां ऐकविलें असतां तो तेच गुण देतो काय, हें टूल यांनीं तपासलें. कांहींजण ठाम निघाले, कांहीं डळमळीत. आणि डळमळीत श्रोत्यांचे कान तपासले तेव्हां त्यांतील पुष्कळांची श्रवणशक्ति खालावलेली आढळली. गाण्याच्या आयुष्यभरच्या व्यासंगानें ही उणीव भरून निघत नव्हती. पन्नाशी उलटलेल्या माझ्यासारख्या माणसाला हें वाचून बरें वाटत नाहीं, पण तें खरें आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं एकटा ध्वनिक्षेपक ऐकविला असतां त्याचे दोष जितके उघडे पडतात, तितके दोन मिळून स्टीरिओ वाजविले असतां पडत नाहींत. शोभा वाढली कीं दोष लपतात.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यंत्रासमोर मायक्रोफोन ठेवून काढलेली एकच रेघ पुरेशी नाहीं, हें टूल यांनीं दाखवून दिलें. खोलींत बसलेल्या श्रोत्याच्या कानावर प्रथम सरळ येणारा आवाज पडतो. त्यानंतर कांहीं सहस्रांश सेकंदांनीं बाजूच्या भिंतीवरून, छतावरून उसळून येणारा. हा दुसरा आवाज यंत्रानें समोर टाकलेला नसून बाजूला आणि वर टाकलेला असतो. म्हणजे बाजूला पडणारी रेघहि नितळ पाहिजे, आणि तिचा आकार समोरच्या रेघेशीं मिळताजुळता पाहिजे. स्वर चढेल तशी ती हळूहळू उतरत गेली तर चालेल, पण मध्येंच कोलमडतां कामा नये. सत्तर अंशांवर उभें राहून निराळेंच बोलणारें यंत्र, समोर कितीहि गोड बोललें तरी, खोलींत खोटें वाटतें. हीच पद्धति पुढें रूढ झाली. यंत्राभोंवतीं आडवें आणि उभें असें प्रत्येक दहा अंशांवर मायक्रोफोन फिरवून एकूण सत्तर मापें घ्यावयाचीं, आणि त्यांतून समोरचा आवाज, पहिले प्रतिध्वनि आणि एकूण बाहेर पडणारी शक्ति अशा थोड्या रेषा काढावयाच्या. २०१३ सालीं अमेरिकेंत ही पद्धति अधिकृत प्रमाण म्हणून मान्य झाली.

अनुनादाविषयीं टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनीं १९८८ सालीं जें शोधून काढलें तें मला विशेष आकर्षक वाटतें. प्रतिसादरेषेवरील उंच, सुईसारखा सुळका डोळ्यांना भयंकर दिसतो, आणि तसा अनुनाद घंटेसारखा बराच वेळ घुमतोहि. म्हणून तोच कानाला अधिक त्रास देईल असें कोणालाहि वाटेल. पण ऐकणाऱ्यांना अधिक जाणवला तो बुटका, पसरट उंचवटा. कारण उघड आहे : अरुंद सुळक्यावर नेमका स्वर पडेल तेव्हांच तो बोलतो, पसरट उंचवटा मात्र जवळजवळ प्रत्येक स्वराला आपला रंग लावतो. आणि हा रंग सर्वांत स्पष्ट ऐकूं येतो तो दाट, अखंड आवाजांत. येथें मला आपला तंबोरा आठवतो. जवारी लावलेल्या तारेंतून स्वरांशांची जी दाट वस्त्रासारखी वीण निघते, तिचा अभ्यास सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० नंतर लगेचच केला होता. माझ्या समजुतीप्रमाणें ध्वनिक्षेपक पारखण्यास तंबोऱ्याइतकें चांगलें वाद्य नाहीं. सतार, सरोद, तबला हीं सर्व क्षणोक्षणीं विझणारीं. त्यांच्या चमकेंत यंत्राचा रंग लपून जातो. तंबोरा अखंड आणि समतोल असतो. यंत्रानें जरा कोठें नाक मुरडलें तरी तो लगेच सांगतो.

१९९१ सालीं टूल हार्मन या खाजगी कंपनींत गेले, आणि १९९४ सालीं त्यांनीं व ऑलिव्ह यांनीं एक प्रयोग केला. त्याचें मोल, माझ्या मतें, बाकीच्या सर्व मापांपेक्षां अधिक आहे. त्याच कंपनींतील चाळीस माणसांना चार ध्वनिक्षेपक ऐकविले, एकदां पडद्यामागें आणि एकदां उघड्यावर. ध्वनिक्षेपक तेच, खोली तीच, संगीत तेंच. उघड्यावर मोठ्या, देखण्या, महाग पेट्यांचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त, प्लॅस्टिकच्या संचाचे घसरले. इतकेंच नव्हे, तर पडद्यामागें असतांना यंत्राची जागा बदलली कीं श्रोत्यांना फरक कळत होता. डोळ्यांना यंत्र दिसूं लागल्यावर तो फरकहि ऐकूं येईनासा झाला. डोळे उघडे असतांना कान बंद होतात असें म्हणावयाची पाळी आली. हे चाळीसहि लोक आवाजाच्या धंद्यांतले होते.

यापुढची मजल ऑलिव्ह यांची. २००३ सालीं त्यांनीं २६८ श्रोत्यांचे निकाल प्रसिद्ध केले : शिकविलेले परीक्षक, दुकानदार, समीक्षक, विद्यार्थी. शिक्षित परीक्षकांचे गुण अधिक कडक आणि अधिक ठाम होते, परंतु पहिला कोण आणि शेवटचा कोण याबद्दल सर्व गटांचें मत एकच पडलें. तज्ज्ञ आणि सामान्य यांच्या आवडींत जी दरी आपण गृहीत धरतों ती येथें सांपडली नाहीं. २००४ सालीं त्यांनीं सत्तर ध्वनिक्षेपकांचीं मापें आणि त्यांना मिळालेले गुण यांची सांगड घालून एक सूत्र बसविलें. मापांवरून सूत्रानें वर्तविलेले गुण आणि श्रोत्यांनीं दिलेले गुण यांचा सहसंबंध ०.८६ निघाला. या सूत्रांत समोरच्या रेघेच्या आणि खोलींतल्या रेघेच्या नितळपणाला मिळून सुमारें शेंकडा सत्तर वजन आहे, आणि खर्ज किती खालपर्यंत जातो याला सुमारें तीस. वॅट कोठेंहि नाहींत. विकृतीचा आंकडाहि नाहीं. अमेरिकेंतील ग्राहकांचें एक प्रसिद्ध मासिक वर्षानुवर्षें केवळ एकूण बाहेर पडणाऱ्या शक्तीवरून ध्वनिक्षेपकांना गुण देत असे. ऑलिव्ह यांनीं त्याच्या यादींतील तेरा यंत्रें पडद्यामागें ऐकविलीं, तेव्हां त्या गुणांचा आणि श्रोत्यांच्या पसंतीचा कांहीं संबंधच आढळला नाहीं. मापें घेणारे प्रामाणिक होते आणि मापें अचूक होतीं. तीं चुकीच्या गोष्टीचीं होतीं, इतकेंच.

या सूत्रावर आक्षेप नाहींत असें नाहीं. पसंति म्हणजे सत्य नव्हे. जें मूळ गाणें कोणी ऐकलेंच नाहीं त्याशीं यंत्र किती इमानी आहे हें श्रोता कसें सांगणार? शिवाय ती ध्वनिमुद्रणें दुसऱ्या ध्वनिक्षेपकांवर ऐकूनच कोणीतरी सजविलेलीं असतात. टूल यांनीं स्वतःच या घोटाळ्याला "गोंधळाचें वर्तुळ" असें नांव दिलें आहे. दुसरें असें कीं सेकंदाला दोन-तीनशें कंपनांच्या खालीं यंत्रापेक्षां खोलीचेंच राज्य चालतें. मॅन्फ्रेड श्रोडर यांनीं १९५४ सालीं याचा हिशेब मांडला. भिंतींमधल्या अंतरानुसार कांहीं खर्जस्वर फुगतात, कांहीं नाहींसे होतात. खुर्ची दोन हात सरकविली कीं डग्गा येतो किंवा जातो. आणि आपल्या घरांत तर शहाबादी किंवा गुळगुळीत फरशी, सिमेंटच्या उघड्या भिंती, गालिचा नाहीं, जाड पडदे नाहींत. अशा खोलींत प्रतिध्वनि प्रबळ असणार, आणि म्हणून यंत्र बाजूला काय टाकतें या मापाचें महत्त्व आपल्याला कॅनडांतील माणसापेक्षां अधिक असलें पाहिजे. विकत घेतांना तें मात्र कोणी विचारीत नाहीं. पुष्कळ कारखानदार तें अजूनहि छापीत नाहींत.

हें सर्व वाचल्यावर घरीं एक प्रयोग करावा असें मला वाटूं लागलें. माझ्या मेहुण्यांनीं हौसेनें घेतलेली सागवानी आवरणाची, छातीइतकी उंच अशी एक जोडी आहे. माझ्या कन्येकडे पुस्तकांच्या फळीवर मावणारी, तिच्या मानानें फारच स्वस्त अशी एक. लहान जोडीचीं सत्तर मापांवरून काढलेलीं रेषाचित्रें प्रसिद्ध झालेलीं आहेत, मोठीचीं नाहींत. एका रविवारीं दोन्हीपैकीं एकेक यंत्र आमच्या दिवाणखान्यांत मांडलें. प्रथम उघड्यावर ऐकलें. सहाहि जणांनीं मोठ्या यंत्राला पसंति दिली. खर्जाची खोली, आवाजाचा भारदस्तपणा इत्यादि शब्द मी स्वतः वापरले. मग कन्येनें दोऱ्या बांधून त्यांवर सौ.चें एक जुनें सुती पातळ पडद्यासारखें सोडलें, भ्रमणध्वनीवरील मापकानें दोन्हींचा आवाज सारखा केला, आणि कोणतें केव्हां वाजतें हें न सांगतां अर्धा मिनिट नुसता तंबोरा, नंतर एक ख्याल, असें चार वेळां ऐकविलें. सहांपैकीं चौघांनीं लहान यंत्राला अधिक गुण दिले. त्या चौघांत सौ. होती आणि मीहि होतों. तंबोऱ्याच्या वेळीं मोठें यंत्र नाकांत बोलतें, असें मीं कागदावर लिहून ठेवलेलें होतें. तें कोणतें यंत्र होतें हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. मेहुण्यांनीं निकाल ऐकून घेतला, उठून पडद्यामागें गेले, आणि कोणती तार कोणत्या पेटीला जोडली आहे तें दोनदां तपासून पाहिलें.